गरोदर आणि बाळंत बाईसाठी आहारसल्ला (नागपूर)

गरोदर बाईला आणि पुढे अंगावर पाजणाऱ्या आईला डॉक्टर, सिस्टर, आहारतज्ज्ञ, आशाताई, अंगणवाडीताई जो खाण्यापिण्याचा सल्ला देतात तो. नागपुरात मेडिकल, मेयो, डागा या सरकारी दवाखान्यांच्या ओपीडीत तो मिळतो, शिवाय २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची खास तपासणी असते, तिथेही.

असा सल्ला आपल्याकडे कधीपासून यावर एकमत नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात (८ वा अध्याय) महिन्यावार आहार दिलाय, पहिल्या महिन्यात दूध, तिसऱ्यात मध-तूप घातलेलं दूध, चौथ्यात लोणी. संहितेचा काळ ढोबळमानाने इ.स.पू. २ रे ते इ.स. २ रे शतक धरतात. बाळंतिणीचे डिंक-अळीवाचे लाडूही तिथूनच आले असं काहीजण म्हणतात, पण अळीव (चंद्रशूर) ठळकपणे दिसतं ते बहुधा १६ व्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात, त्यामुळे लाडू घरगुती रिवाजातले असावेत हे जास्त पटतं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या आकड्यांनुसार गरोदरपणी रोज ३५० कॅलरी जादा लागतात, पाजताना पहिले सहा महिने ६०० आणि नंतर ५२०. म्हणजे "दोन जिवांची आहे, दुप्पट खा" हे खरं नाही, रोजच्या जेवणापेक्षा दोन पोळ्या, वाटीभर वरण, वर थोडं दूध जादा, झालं.

लोहाचा मुद्दा मात्र विदर्भात किचकट आहे. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात. २०१८ च्या अ‍ॅनिमिया मुक्त भारत या सरकारी कार्यक्रमानुसार चौथ्या महिन्यापासून रोज ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिडची गोळी १८० दिवस, बाळंतपणानंतर परत १८० दिवस. पण इथे सिकलसेल (रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होणारा आनुवंशिक आजार) भरपूर. भारतात तो १९५२ ला निलगिरीत सापडला आणि मध्य भारतातली नोंद शुक्ला आणि सोलंकी या संशोधकांनी १९५८ ला छापली. मुद्दा असा की एसएस रुग्णाच्या (आई आणि बाप दोघांकडून सिकलचा जीन आलेल्या) रक्तपेशी लवकर फुटतात, त्यातलं लोह अंगातच राहतं, वर वारंवार रक्त चढवलं असेल तर लोह साचतं, म्हणून फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा सांगणारी रक्ततपासणी) बघून कमतरता दिसली तरच लोह देतात, फॉलिक अ‍ॅसिड मात्र जास्त, रोज ५ मिग्रॅ. एएस म्हणजे नुसत्या वाहक बाईला नेहमीचीच गोळी चालते, हे घरी नीट सांगितलं नाही तर "सिकल आहे" म्हणून गोळ्या डब्यातच पडून राहतात.

लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही. लोहाच्या गोळीवर चहा नको, संत्रं चालतं, क जीवनसत्त्वाने लोह चांगलं शोषलं जातं. पपई कच्ची नको, तिच्या चिकाने गर्भाशय आकुंचन पावू शकतं, पिकलेलीबद्दल तशी भीती नाही.

बाळंतपणानंतर पहिल्या तासात बाळाला पाजायचं, पिवळा चीक पिळून टाकायचा नाही. शतावरी, मेथी, बाळंतशोपा यांनी दूध वाढतं याचा पुरावा तोकडा आहे, दूध वाढतं ते बाळाला वारंवार पाजल्याने. सहा महिने वरचं पाणीसुद्धा नको, मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ वर गेला तरी, पाणी आईने प्यायचं.