घरात एक कुत्रा आहे. सोबतीला साइटहाउंड कोणता आणावा?

आमच्याकडे कुत्रे सांभाळायला ठेवणारे आणि प्रशिक्षणासाठी आणणारे ग्राहक एक प्रश्न हमखास विचारतात. घरातला कुत्रा आता चांगला रुळला आहे, त्याला सोबत हवी आहे आणि मनात साइटहाउंड भरला आहे. मग ग्रेहाउंड आणावा, व्हिपेट की इटालियन ग्रेहाउंड? दिसायला तर तिन्ही एकाच साच्यातले. खोल छाती, आत ओढलेले पोट, लांब नाक, लांब पाय. कुणी सलूकीचा फोटो घेऊन येते, कुणी अझावाखचा, आणि विचारते की यांच्यात असा काय मोठा फरक आहे?

फरक मोठा आहे. एकच कुत्रा असलेल्या घरात तो फारसा जाणवत नाही, पण दोघे एकत्र राहू लागले की लगेच समोर येतो. म्हणून आमचा सल्ला आधीच सांगून टाकतो. जात ठरवताना घरातल्या कुत्र्याचे वजन आणि त्याची खेळण्याची पद्धत आधी बघा. रंग, केस, डौल हे सगळे त्यानंतर.

एका साच्यातले, तरी वेगळे

साइटहाउंड म्हणजे वासापेक्षा नजरेच्या बळावर शिकार करणारे कुत्रे. लांब नाकाच्या कुत्र्यांमध्ये डोळ्याच्या पडद्यावरच्या काही महत्त्वाच्या पेशी एका आडव्या पट्टीत दाट असतात, त्यामुळे दूर क्षितिजाच्या रेषेत काही हलले की ते चटकन टिपतात. भरधाव धावताना त्यांचे चारही पाय एका फेऱ्यात दोनदा जमीन सोडतात, एकदा शरीर आखडलेले असताना आणि एकदा पूर्ण ताणलेले असताना. इथपर्यंत सगळे भाऊबंद.

आता वजने बघा. एफसीआय या कुत्र्यांच्या जातींच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मानकानुसार इटालियन ग्रेहाउंड खांद्यापाशी ३२ ते ३८ सेंटिमीटर उंच आणि फार तर ५ किलोचा. व्हिपेट ४४ ते ५१ सेंटिमीटर, वजन साधारण १० ते १८ किलो. ग्रेहाउंड ६८ ते ७६ सेंटिमीटर आणि बहुधा २७ ते ३५ किलो. काही नर त्याहूनही जड भरतात. फोटोत लहान-मोठी भावंडे वाटणारे हे कुत्रे प्रत्यक्षात एकमेकांच्या दुप्पट, तिप्पट, कधी सहापट वजनाचे असतात. बागेत दोघे एकाच दिशेने सुसाट निघाले आणि एकाने दुसऱ्याला धडक दिली, तर हा गुणाकार हाडांवर उतरतो.

धावण्याची पद्धतही सारखी नाही. ग्रेहाउंड तासाला ६५ ते ७० किलोमीटरचा वेग गाठतो, पण काहीशे मीटरपुरता. मग तो थांबतो, धापा टाकतो आणि घरी येऊन आडवा होतो. व्हिपेट तासाला ५५ किलोमीटरच्या आसपास धावतो आणि चटकन वळतो. लहान जागेत त्याचा खेळ जास्त रंगतो. सलूकीचा पाठलाग लांबपल्ल्याचा. मध्यपूर्वेतल्या वाळवंटी प्रदेशात पिढ्यान् पिढ्या त्याच कामासाठी तो जोपासला गेला, आणि तो एकदा निघाला की हाक ऐकून परतेल या भरवशावर राहू नये. उत्तर आफ्रिकेचा स्लूघी, सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या साहेल पट्ट्यातला अझावाख आणि दख्खनचा कारवान हेही लांब दमाचे. दिसायला हे चौघे इतके जवळचे की नवख्या माणसाची गफलत सहज होते.

स्वभावाचे ठोकताळे आम्ही जपूनच सांगतो, कारण एकाच विणीतली दोन पिल्लेही वेगळी निघतात. तरी एवढे म्हणता येते की ग्रेहाउंड आणि व्हिपेट परक्या माणसांशी बहुधा सौम्य असतात, सलूकी अलिप्त असतो आणि अझावाखमध्ये राखणदाराचा अंश ठसठशीत असतो. अझावाख घरच्यांना जीव लावतो, पण पाहुण्यांच्या वर्दळीच्या घरात त्याला दुसरा कुत्रा म्हणून आणताना दहा वेळा विचार करा.

घरात कोण आहे?

घरात व्हिपेट असेल तर आमचे पहिले मत दुसऱ्या व्हिपेटलाच. हे उत्तर ऐकून काहींचा हिरमोड होतो, कारण त्यांना आता ‘वेगळे काहीतरी’ हवे असते. पण दोन व्हिपेट सारख्या वेगाने पळतात, सारखे वळतात, सारखेच दमतात आणि मग एकाच अंथरुणात शिरतात. व्हिपेटसोबत शांत, प्रौढ ग्रेहाउंडही चांगला राहतो. फक्त मोकळ्या जागेतल्या धावण्यावर लक्ष हवे.

घरात ग्रेहाउंड असेल आणि मनात इटालियन ग्रेहाउंड असेल, तर आम्ही बहुधा नको म्हणतो. नाव सारखे असले तरी ही जोडी सर्वांत नाजूक. इटालियन ग्रेहाउंडच्या पुढच्या पायाची हाडे पेन्सिलीसारखी बारीक असतात, आणि वय वर्षभराचे होईपर्यंत तर सोफ्यावरून चुकीची उडी पडली तरी मोडू शकतात. त्यात ३० किलोचा खेळगडी. दुसरा धोका याहून गंभीर आहे. लहान कुत्रा घाबरून किंचाळत पळाला, तर मोठ्या साइटहाउंडच्या डोक्यात खेळ संपून शिकार सुरू होऊ शकते. तो दुष्ट नसतो, त्याला कुणी शिकवलेलेही नसते. त्याच्या रक्तातच ते आहे. घरात दिवसभर एकमेकांना टेकून झोपणाऱ्या जोडीतही मैदानावर हे घडू शकते.

लॅब्रॅडॉर, बॉक्सर किंवा असाच अंगाने दणकट, धसमुसळा कुत्रा घरात असेल तर वेगळा विचार करावा लागतो. हे कुत्रे छातीने ढकलत, कुस्ती करत खेळतात. साइटहाउंडला पळापळी हवी असते, अंगाला अंग भिडवलेले बहुतेकांना रुचत नाही. अशा घरी आम्ही मोठा, संयमी ग्रेहाउंड सुचवतो, जो नको असेल तेव्हा उठून निघून जातो. व्हिपेटही चालेल, पण पहिल्या कुत्र्याला ‘पुरे’ या आज्ञेवर थांबता येत असेल तरच.

घरातला कुत्रा म्हातारा असेल, सांधे दुखत असतील, तर पिल्लू आणू नका. पिल्लाला म्हाताऱ्याचे दुखणे कळत नाही आणि म्हाताऱ्याला निवांतपणा मिळत नाही. प्रौढ कुत्रा घ्या.

शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड ज्यांना मिळू शकतो, त्यांनी त्याचा जरूर विचार करावा. त्याला आयुष्यभर दुसऱ्या कुत्र्यांची सोबत असते, म्हणून एकट्यापेक्षा जोडीत तो लवकर रुळतो. मात्र त्याने पाहिलेले कुत्रे बहुधा सगळे ग्रेहाउंडच असतात. चपट्या नाकाचा, आखूड पायांचा किंवा झिपऱ्या केसांचा प्राणी हाही कुत्राच, हे त्याला समजायला वेळ लागतो. जिना, काचेचे दार, गुळगुळीत फरशी यांची ओळखही पहिल्या आठवड्यात एकेक करून द्यावी लागते. काही ग्रेहाउंड डोळे उघडे ठेवून झोपतात, आणि झोपेत अचानक कुणी अंगावर आले तर दचकून दात दाखवतात. म्हणून दोघांची अंथरुणे वेगळी ठेवा आणि जवळ जाण्याआधी नावाने हाक मारा.

एकत्र धावताना नजर कुठे ठेवायची

जात ठरवण्याआधी त्या जातीच्या प्रौढ कुत्र्याबरोबर तुमच्या कुत्र्याची भेट घडवा. ही भेट आम्ही कुंपणाच्या आवारात घडवतो आणि ग्राहकाला शेजारी उभे करून दाखवतो. दोघे गोल फेरी मारतात तेव्हा वळणावर बघा. वेगवान कुत्रा बाहेरच्या बाजूने मोठे वळण घेतो, मागचा आतून आडवा येतो आणि खांदा मारतो. हे एकदा झाले आणि मागच्याने पुढच्या फेरीत अंतर ठेवले, तर जोडी जमण्यासारखी आहे. प्रत्येक वळणावर तो मुद्दाम आडवा येत असेल, मानेला धरत असेल, तर ती जात नको.

भूमिका बदलतात का, तेही बघा. आता पाठलाग करणारा थोड्या वेळाने पुढे पळतो का? सतत एकच पळणारा, एकच धरणारा असेल आणि पळणाऱ्याची शेपटी पोटाखाली गेली असेल, तर त्याला खेळ म्हणू नका, लगेच थांबवा. मोठ्याचे वजन लहानाच्या दुपटीहून जास्त असेल तर आम्ही दोघांना एकत्र भरधाव सोडत नाही. आळीपाळीने सोडतो. सारख्या वजनाच्या साइटहाउंडनाही मोकळे पळू देताना जाळीचे हलके मुसके घालण्याची पद्धत आहे. ते त्यांच्या रागीटपणासाठी नसते. कातडी इतकी पातळ, केस इतके आखूड आणि खाली चरबीचा थर इतका नाममात्र, की खेळात दात नुसता घासला तरी खांद्यावर कातडी उसवल्यासारखी फाटते आणि टाके घालावे लागतात. दणकट कुत्र्यांच्या मालकांना हे बघितल्याशिवाय खरे वाटत नाही.

एक साइटहाउंड मांजर पाहून थबकतो; दोन असले की एक निघतो आणि दुसरा का निघालो हे न विचारता मागे निघतो. दोघांची हाक-परतीची तयारी आधी वेगवेगळी पक्की करा. रस्त्यावर दोघेही पट्ट्यातच. साधा गळपट्टा वापरू नका, कारण यांची मान डोक्याइतकी किंवा त्याहून जाड असते आणि मागे ओढ घेतली की पट्टा कानांवरून अलगद निघून येतो. मार्टिंगेल प्रकारचा रुंद पट्टा ओढ बसताच मापापुरता आवळतो. सलूकी, स्लूघी, अझावाख यांच्यासाठी आवाराला सहा फुटांचे कुंपण आहे का, हे आम्ही आधी विचारतो.

डॉक्टरांना आधी सांगायच्या गोष्टी

साइटहाउंडचे शरीर इतर कुत्र्यांच्या मापाने मोजले तर चुकीचे निदान होऊ शकते, त्यामुळे हा भाग घाईत वाचू नका.

निरोगी ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशींचे प्रमाण इतर कुत्र्यांपेक्षा जास्त असते, प्लेटलेट कमी असतात, मूत्रपिंडाच्या कामाचा अंदाज देणारे क्रिएटिनिन थोडे चढे असते आणि थायरॉइडचे टी-४ हे संप्रेरक बरेचदा खाली असते. ही त्यांची स्वाभाविक पातळी आहे. पण अहवाल फक्त सर्वसाधारण तक्त्याशी ताडला, तर निरोगी कुत्र्याला थायरॉइडच्या गोळ्या सुरू होऊ शकतात. भुलेचेही तसेच. ग्रेहाउंडचे यकृत काही औषधे सावकाश विघटित करते. थायोपेंटल हे भुलेचे औषध दिल्यावर तो शुद्धीवर यायला फार वेळ लागतो, म्हणून त्याच्यासाठी ते टाळतात. काही ग्रेहाउंडमध्ये शस्त्रक्रिया नीट झाल्यावर दीड-दोन दिवसांनी रक्तस्राव सुरू होतो. नसबंदी करायची असेल तर या गोष्टी डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या.

लांब केसांचा व्हिपेट घेत असाल तर एमडीआर-१ या जनुकातल्या दोषाची तपासणी झाली आहे का ते विचारा. तो दोष असेल तर आयव्हरमेक्टिनसारखी परजीवींवरची औषधे जास्त मात्रेत घातक ठरतात. घरातल्या पहिल्या कुत्र्याला चालणारे औषध दुसऱ्याला सवयीने दिले जाते, म्हणून दोन कुत्र्यांच्या घरात ही माहिती जास्त महत्त्वाची. ग्रेहाउंडमध्ये हाडांच्या कर्करोगाचे प्रमाणही जास्त आढळते. लंगडणे काही दिवसांत थांबले नाही तर एक्स-रे काढून घ्या. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचे पोट फुगून पिळ पडण्याचा धोका असतो, आणि तेव्हा वाट बघायला वेळ नसतो. पोट ताठ, ओकारीचे उमाळे येतात पण काही पडत नाही, कुत्रा बेचैन, अशी लक्षणे दिसली की त्याच क्षणी दवाखाना गाठा.

थंडी सगळ्यांनाच बाधते. इटालियन ग्रेहाउंडला सर्वांत आधी.

घरी आणताना

पहिली भेट घराबाहेर, दोघांच्याही ओळखीच्या नसलेल्या जागी. दोन माणसे, दोन पट्टे, मध्ये अंतर ठेवून एकाच दिशेने चालायचे आणि अंतर हळूहळू कमी करायचे. समोरासमोर आणून नाकाला नाक लावायची घाई नको. घरात जेवणाची भांडी वेगळ्या खोल्यांत ठेवा, खेळणी पहिले काही दिवस उचलून ठेवा, आणि घरी कुणी नसेल तेव्हा दोघांना वेगळे ठेवा. नर-मादी अशी जोडी बहुधा सोपी जाते. दोन माद्यांचे बिनसले तर ते निस्तरणे सर्वांत कठीण. एकाच विणीतली दोन पिल्ले एकदम घेण्याचा मोह आवरा, ती एकमेकांतच गुंततात आणि तुमचे ऐकायला शिकत नाहीत. पहिला कुत्रा दोनेक वर्षांचा, शिकलेला आणि स्थिर असताना दुसरा आणलेला उत्तम.

जात निवडण्यासाठी आमच्याकडे येणार असाल तर घरातल्या कुत्र्याला सोबत आणा. त्याचे ताजे वजन, लसीकरणाचे पुस्तक आणि तो दुसऱ्या कुत्र्याबरोबर खेळतानाचा एखादा व्हिडिओ असेल तर तोही हवा. कुटुंबातली जी व्यक्ती रोज फिरवायला नेते, तिने यावे; दोन पट्टे तिच्याच हातात येणार आहेत. नवा कुत्रा कुणाकडून घ्यायचा हे ठरले असेल तर त्याच्या आई-वडिलांची माहिती आणि आरोग्य तपासण्यांचे कागद मागवून ठेवा. बघितल्यावर आम्हाला वाटले की तुमच्या घरात सध्या दुसऱ्या कुत्र्याला जागा नाही, तर तेही आम्ही स्पष्ट सांगू.