नाथांची गुरुपरंपरा आणि नानकांची गादी

गुरुपरंपरा म्हटली की आपल्याला आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानदेव ही ओळ आठवते. ती तुम्हाला पाठच आहे, तेव्हा पुढे जाऊ. घोळ होतो तो शिखांचे दहा गुरू याच साच्यात कोंबताना. गुरुनानक जयंतीला फिरणाऱ्या मेसेजांत ते कधी 'नानकांचे वंशज' असतात, कधी 'दहा अवतार'.

वंशज तर नव्हेतच. दोन मुलगे असताना नानकांनी १५३९ मध्ये गादी दिली ती लहणा या शिष्याला, तेच गुरू अंगद. दहा गुरू बेदी, त्रेहन, भल्ला आणि सोढी अशा चार घराण्यांतले. चौथ्या रामदासांपासून (आपले समर्थ नव्हेत) गादी सोढींकडेच राहिली, पण तिथेही थोरल्या प्रिथीचंदला बाजूला ठेवून धाकट्या अर्जनदेवांना मिळाली. आणि अवतार कसले? गुरू ग्रंथसाहिबाच्या आरंभीच्या मूलमंत्रातच परमेश्वराला 'अजूनी', म्हणजे जन्माला न येणारा, म्हटलंय.

खरी मेख वेगळीच आहे, आणि ती नाममुद्रेत, म्हणजे पदात कवी घालतो त्या नावात, दिसते. एकनाथ 'एका जनार्दनी' लिहितात: गुरूचं नाव आहे, पण शेजारी स्वतःचंही आहे. गुरू आणि शिष्य दोघे, नातं अतूट. गुरू ग्रंथसाहिबात सहा गुरूंची बाणी, म्हणजे पदरचना, आहे, आणि अंगद असोत, अमरदास असोत की तेगबहादूर, मुद्रा एकच, 'नानक'. पद कोणाचं हे वरच्या 'महला ३' (तिसरे गुरू), 'महला ५' (पाचवे) अशा आकड्यावरून ओळखायचं. त्याच ग्रंथात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत, तिथे मात्र नामदेव स्वतःच्याच नावाने बोलतात. ते भगत, म्हणजे संतकवी, दहांतले गुरू नव्हेत. 'नामदेव शिखांचे गुरू होते' हे अभिमानाने ठोकून देणाऱ्यांनी एवढं तरी बघावं.

म्हणजे शिखांच्या लेखी दहा गुरूंची साखळी नाही, दहा देहांतली एकच ज्योत आहे. सत्ता आणि बलवंड या दरबारी गायकांनी ते रोखठोक गायलंय: 'जोति ओहा जुगति साइ सहि काइआ फेरि पलटीऐ'. ज्योत तीच, रीत तीच, काया तेवढी पालटली. नानकांनी गादी देताना स्वतः अंगदांपुढे माथा टेकला, असं परंपरा सांगते. शिष्यापुढे नव्हे, गुरूपुढे.

हे ध्यानात घेतलं नाही तर १७०८ चं नांदेड कळतच नाही. देह हा गुरू नव्हताच, त्यामुळे गोविंदसिंगांनी गुरुपद ग्रंथाला दिलं तेव्हा परंपरा तुटली नाही. गुरुद्वारात पहाटे प्रकाश (ग्रंथ उघडून मांडणं), रात्री सुखासन (मिटून विश्रांतीला नेणं), वर चवरी, हा सगळा मान पोथीचा नाही, हजर असलेल्या गुरूचा आहे.

स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांत 'शिखांचे शेवटचे गुरू कोण?' हा प्रश्न ठरलेला, आणि उत्तर छापलेलं असतं गुरू गोविंदसिंग. 'शेवटचे देहधारी गुरू' असं विचारलं असतं, तर ते बरोबर ठरलं असतं.