खराट्यापासून दोन खड्ड्यांपर्यंत

नागपूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात गेलं की घरांच्या मागे एकाच मापाच्या संडासाच्या खोल्या दिसतात. भिंतीवर कधी योजनेचं नाव असतं, तर कधी एखाद्या दात्याचं. या खोल्यांचा इतिहास मात्र देणगीच्या पैशापासून सुरू होत नाही. तो सुरू होतो एका खराट्यापासून.

१८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला जन्मलेले डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजे आपले गाडगेबाबा, गावात आले की आधी रस्ते झाडायचे, नाल्या साफ करायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. दिवसभर हातात खराटा धरलेला माणूस रात्री घाणीवर बोलू लागला की गाव कान देऊन ऐकायचं. लोकांनी दिलेला पैसा त्यांनी धर्मशाळांत आणि शाळांत घातला, स्वतःजवळ ठेवलं ते फक्त गाडगं. त्यांच्या मागोमाग तुकडोजी महाराजांनी मोझरीच्या गुरुकुंजातून ग्रामसफाई आणि रामधून गावोगावी नेली. विदर्भात स्वच्छतेच्या कामाला आजही ‘सेवा’ म्हणतात, ते या दोघांमुळे.

नागपूरपासून जेमतेम ७५ किलोमीटरवर, वर्ध्यात, आणखी एक प्रयोग झाला. १९३५च्या सुमारास गांधीजी मगनवाडीत राहत असताना महादेवभाई देसाई, मीराबेन आणि इतर सहकारी जवळच्या सिंदी गावात जाऊन वाटेवरचा मैला उचलत. त्याचं सोनखत करायचं, म्हणजे गाव स्वच्छ होईल आणि शेतालाही खत मिळेल, असा विचार होता. पण दुसऱ्यानं उचललं म्हणून गावाची सवय सुटत नाही, हे तिथे दिसून आलं. पुढच्या प्रत्येक देणगीदाराच्या वाट्याला हाच अनुभव आला, म्हणून सिंदी मला या सगळ्या इतिहासात फार मोलाचं गाव वाटतं.

सफाईचा आजाराशी असलेला संबंध अगदी थेट आहे. उघड्यावरची विष्ठा माशीच्या पायांनी ताटात येते, पावसाच्या पाण्यानं विहिरीत उतरते, न धुतलेल्या हातांनी लेकराच्या तोंडात जाते. पटकी, हगवण, विषमज्वर, कावीळ हे आजार याच वाटांनी फिरतात. अंकुशकृमीची अळी तर ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीतूनच शिरते आणि आतड्यात बसून रक्त पिते. धानाच्या बांधीत अनवाणी रोवणी करणाऱ्या बाईचं रक्त कमी का, याचं एक उत्तर तिच्या पायाखालच्या मातीत असतं. लहान मुलाला वरचेवर जुलाब झाले की खाल्लेलं अंगी लागत नाही आणि वाढ खुंटते.

बायांचा त्रास याहून वेगळा, आणि त्याची नोंद फार उशिरा घेतली गेली. पहाटेच्या अंधारात नाही तर संध्याकाळनंतर पऱ्हाटीच्या आडोशाला जायचं, दिवसभर लघवी दाबून ठेवायची, त्यासाठी पाणीच कमी प्यायचं. मूत्रमार्गाचे संसर्ग, बद्धकोष्ठ आणि साप-विंचवाची भीती हे त्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग होतं. माझ्या मते संडासानं सगळ्यात आधी काही बदललं असेल तर ती ही पहाट.

या प्रश्नाची शास्त्रीय बाजूही नागपूरला आहे. पाणीपुरवठा, मैलापाणी आणि त्यातून होणारे रोग यांवर संशोधन करायला १९५८ साली इथे केंद्रीय संस्था उभी राहिली. १९७४ पासून ती ‘नीरी’ म्हणून ओळखली जाते. त्याच काळात देशात पाण्याचा सापळा असलेलं, म्हणजे वाकड्या नळीत थोडं पाणी साठून वास अडवणारं भांडं आणि शोषखड्डा ही स्वस्त रचना आकाराला येत होती. पुढे दोन खड्ड्यांचा संडास रूढ झाला: एक खड्डा भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचं आणि पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवायचा, म्हणजे आतल्या मैल्याचं वास नसलेलं खत होतं. आपल्याकडे अडचण काळ्या मातीची. ती पाणी सावकाश शोषते आणि ओलीनं फुगते, म्हणून खड्ड्याभोवती वाळू-गिट्टीचा थर द्यावा लागतो. घाईत उरकलेल्या कामांत नेमका हाच थर राहून जातो आणि पावसाळ्यात संडास तुंबतो.

सरकारी योजना एकामागून एक आल्या: १९८६चा केंद्रीय ग्रामीण स्वच्छता कार्यक्रम, १९९९चं संपूर्ण स्वच्छता अभियान, २०१४ पासून स्वच्छ भारत आणि त्यातलं घरामागे १२,००० रुपयांचं प्रोत्साहन. पण आपल्याकडची खरी कलाटणी २०००-०१ची. ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांनी गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान काढलं. त्यात अनुदान नव्हतं. स्पर्धा होती, श्रमदान होतं, लोकवर्गणी होती. गावं रात्रंदिवस कामाला लागली.

नुसती खोली बांधून आजार हटतात का, याची तपासणीही झाली आहे. ओडिशातल्या १०० गावांच्या अभ्यासात स्वयंसेवी संस्थांच्या मदतीनं संडास असलेल्या घरांचं प्रमाण ९ टक्क्यांवरून ६३ टक्क्यांवर गेलं, तरी मुलांचे जुलाब कमी झाले नाहीत. हा निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. निम्मं गाव शेतात जात राहिलं तर माशी दोन्हीकडे बसतेच. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात २००४ मध्ये अख्ख्या गावाला एकत्र बसवून जागृती केली गेली, तिथे मात्र मुलांच्या उंचीत फरक दिसला.

स्वच्छ भारतच्या सुरुवातीच्या वर्षांत बांधलेले खड्डे आता भरत आले आहेत. अनेक घरांत पाणी दुसऱ्या खड्ड्याकडे कसं वळवायचं हे कुणी सांगितलेलंच नाही. काही जण भरण्याच्या धास्तीनं संडास राखून वापरतात आणि घरातली माणसं पुन्हा शेतात जातात. खड्डा उपसायचा म्हटला की गाव अजून ठरावीक वस्तीकडे बघतं, खरं तर दोन वर्षं मुरलेलं ते खत घरमालकानं स्वतःच्या फावड्यानं काढण्यासारखं असतं. काटोल-नरखेडच्या बागायतदारानं ते संत्र्याच्या आळ्यात घातलं, तर सिंदीत मांडलेला सोनखताचा विचार इतक्या वर्षांनी मुक्कामी पोहोचेल. ज्यांना देणगी द्यायची आहे त्यांनी नवी खोली बांधण्याआधी जुन्या संडासाची कुंडी, म्हणजे दोन्ही खड्ड्यांकडे पाणी जिथून फुटतं ती जागा उघडून, पाणी वळवून दाखवणारा एक माणूस गावात पाठवावा.