मागे ट्रेलर असेल तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स तापू देऊ नका
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

ट्रेलर ओढणाऱ्या ट्रक-पिकअपचा गिअरबॉक्स आम्ही कामासाठी उघडतो, तेव्हा आत बहुतेक वेळा सारखंच दिसतं: काळपट, जळका वास मारणारं तेल, करपलेल्या क्लच प्लेट आणि कडक होऊन चिरलेली रबरी सील. तुटलेला गिअर क्वचितच सापडतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा खरा शत्रू वजनापेक्षा उष्णता आहे, आणि ती आटोक्यात ठेवण्याचं बरंचसं काम चालवणाऱ्याच्या हातात आहे.

उष्णता येते कुठून

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनकडची पाती तेल भिरकावतात आणि ते तेल समोरच्या पात्यांवर आदळून त्यांना फिरवतं. दोन्ही बाजूंच्या वेगात फरक असतो तोवर तेल घुसळलं जातं आणि तापत राहतं. चढावर इंजिन ७५ किलोवॅट ताकद देत असेल आणि त्यातली दहा टक्के कन्व्हर्टरमध्ये वाया जात असेल, तर साडेसात किलोवॅट उष्णता थेट तेलात उतरते. घरातले दोन किलोवॅटचे जवळपास चार गीझर त्या थोड्याशा तेलात एकदम चालू ठेवल्यासारखं ते होतं.

गाडीनं वेग धरला की कन्व्हर्टरमधला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू घट्ट जोडतो. घसरण थांबते आणि तापमान उतरू लागतं. चढावर ताकद कमी पडली की हाच क्लच सुटतो. तो सुटल्याचं ओळखता येतं: गिअर बदललेला नसताना टॅकोमीटरचा (इंजिनच्या मिनिटाला फेऱ्या दाखवणारा) काटा दोन-तीनशे फेऱ्यांनी वर सरकतो. लांब चढावर हा काटा वर-खाली नाचत असेल, तर तेल तापायला लागलं आहे असं समजा.

खालचा गिअर टाकायला कचरू नका

‘इंजिन ओरडत नाही म्हणजे गाडी आरामात आहे’ हा समज आम्हाला रोज भेटतो. ट्रेलर मागे असताना परिस्थिती नेमकी उलट असते. वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर रेटत राहिलं की लॉक-अप सुटतो आणि गिअरबॉक्स दोन गिअरमध्ये हेलकावे खातो. प्रत्येक बदलात क्लच प्लेट थोड्या घासतात. खालच्या गिअरमध्ये इंजिनचा आवाज वाढतो, पण लॉक-अप टिकून राहतो. शिवाय गिअरबॉक्सचा तेलाचा पंप इंजिनच्या वेगानं फिरतो, त्यामुळे फेऱ्या वाढल्या की कूलरकडे तेलही जास्त जातं. म्हणून टो-हॉल बटण (ओझं ओढताना गिअर बदलण्याची पद्धत बदलणारं) असेल तर ट्रेलर जोडताक्षणी दाबा. जुन्या गाडीत ते नसेल तर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सगळ्यात वरचा गिअर, बंद करा. चढ-उताराच्या रस्त्यावर क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम राखणारी सोय) बंदच बरा, कारण पुढचा चढ त्याला दिसत नाही.

वेगाचं गणितही लक्षात असू द्या. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० वरून १०० किलोमीटरवर गेलात की ती जवळपास दुप्पट होते. उंच, चौकोनी ट्रेलरच्या बाबतीत हे फार जाणवतं. उन्हाळ्यात चढावर १५ किलोमीटरनं वेग उतरवणं हा सगळ्यात स्वस्त कूलर आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

उतारावर न्यूट्रल कधीही टाकू नका. खालचा गिअर टाका आणि ट्रेलरचे ब्रेक आधी तपासून घ्या.

सगळ्यात धोक्याचे क्षण

गिअरबॉक्सला सर्वांत जास्त ताप हमरस्त्यावर होतो असं नाही. चढावर ट्रेलर रिव्हर्स घेताना, चिखलात चाक अडकल्यावर किंवा रांगेत उभं असताना ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरल्यावर चाकं थांबलेली असतात आणि इंजिन जोर लावत असतं. अशा वेळी इंजिनची झाडून सगळी ताकद कन्व्हर्टरमध्ये उष्णता होऊन जाते. वर्कशॉपमध्ये याच स्थितीत ‘स्टॉल टेस्ट’ घेतात, आणि ती पाच सेकंदांपेक्षा जास्त लांबवू नये असा दंडक आहे. रिव्हर्सचं अवघड काम असेल तर फोर-व्हील ड्राइव्हची लो रेंज, म्हणजे हळू पण जास्त जोराचे गिअर, वापरा (घसरड्या किंवा कच्च्या जमिनीवर, कोरड्या डांबरावर नाही). दोन प्रयत्नांत जमलं नाही तर न्यूट्रलमध्ये थांबून तेल निवू द्या. न्यूट्रल अशासाठी की काही जुन्या गिअरबॉक्समध्ये पार्कमध्ये कूलरकडे तेल जातच नाही.

उतारावर गाडी उभी करतानाचा क्रमही महत्त्वाचा आहे. पाय ब्रेकवर, मग न्यूट्रल, मग हँडब्रेक. आता ब्रेक हलकेच सोडून सगळा भार हँडब्रेकवर येऊ द्या आणि शेवटी पार्क टाका. चाकांना ठोकळे लावा. थेट पार्क टाकलं तर ट्रकचा आणि ट्रेलरचा मिळून सगळा भार आतल्या एका छोट्या खुंटीवर येतो.

तापमान पाहायचं कुठे

डॅशबोर्डवरचा नेहमीचा काटा इंजिनच्या पाण्याचं तापमान दाखवतो, गिअरबॉक्सच्या तेलाचं नाही. पाणी अगदी ठीक असताना तेल करपू शकतं. नियमित ट्रेलर ओढणाऱ्यांनी गिअरबॉक्सचा वेगळा गेज लावावा, असा आमचा आग्रह आहे. साधारणपणे चेंबरमधलं (गिअरबॉक्सच्या तळाच्या तेलाच्या ट्रेमधलं) तेल ८० ते ९५ अंश सेल्सिअस असतं. चढावर थोडा वेळ ११० पर्यंत गेलं तर घाबरू नका, १२० च्या पुढे टिकून राहिलं तर मात्र बाजूला थांबा. काही नव्या गाड्या मुळातच जास्त गरम चालवण्यासाठी बनवलेल्या असतात. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच प्रमाण माना. एक जुना ढोबळ हिशोब असा: नेहमीच्या तापमानाच्या वर दर ११ अंशांना तेलाचं आयुष्य निम्मं होतं.

जादा कूलर

रेडिएटरच्या टाकीतला कूलर तेलाला पाण्याच्या तापमानापेक्षा थंड करू शकत नाही, म्हणून पुढे हवेवर चालणारा जादा कूलर लावतात. आम्ही तेल आधी रेडिएटरमधून, मग जादा कूलरमधून आणि तिथून गिअरबॉक्सकडे परत नेतो. थंड प्रदेशात फिरणाऱ्या गाड्यांना थर्मोस्टॅट असलेला कूलर देतो, कारण फार थंड तेलही बरं नाही. जागा तेवढीच असेल तर नळ्यांच्या कूलरपेक्षा थरांच्या प्लेटचा कूलर चांगलं काम देतो. रेडिएटरच्या जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून कूलर बांधू नका. घासून घासून जाळीला भोक पडतं. होस गिअरबॉक्सच्या तेलासाठी बनवलेलाच हवा.

गिअरबॉक्स एकदा बिघडला असेल तर जुन्या कूलरमध्ये झिजेचा चुरा अडकलेला असतो. दुरुस्तीनंतर तोच कूलर परत जोडून देण्याच्या आम्ही विरोधात आहोत.

तेल

मॅन्युअलमध्ये ज्या मानकाचं तेल लिहिलंय तेच घाला. डेक्सरॉन, मर्कॉन, एटीएफ प्लस फोर या मानकांच्या तेलांचे गुण वेगवेगळे आहेत, ‘सगळं लालच तर आहे’ म्हणून मिसळू नका. पातळी तेल गरम असताना, सपाट जागी, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या गिअरमध्ये पाहा. जास्त भरलं तरी फेस होऊन पंपात हवा जाते. बदलण्याच्या तक्त्यात ‘कठीण वापर’ असा रकाना असतो. ट्रेलर ओढणारी गाडी त्याच रकान्यात मोडते. तेल दुधाळ गुलाबी दिसलं तर रेडिएटरचं पाणी आत शिरलं आहे. अशी गाडी चालवत आणू नका, उचलून आणा.

वजन आणि टायर

कंपनीनं दिलेली ओढण्याची मर्यादा नव्या, मूळ टायरच्या गाडीसाठी असते. अमेरिकेत ती एसएई या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ या चाचणीवरून ठरवतात. त्यात ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमजवळचा सुमारे १८ किलोमीटरचा चढ किमान ३८ अंश उन्हात, एसी पूर्ण चालू ठेवून चढायचा असतो. तुम्ही १० टक्के मोठे टायर बसवले तर ३.७३ चा मागच्या ॲक्सलचा रेशो (चाकाच्या एका फेरीला शाफ्टच्या किती फेऱ्या) ३.३९ सारखा वागू लागतो आणि सगळा जादा ताण कन्व्हर्टरवर येतो. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडायच्या कडीवर, असावा.

आमच्याकडे कधी यावं

डी (पुढचा) किंवा आर (रिव्हर्स) गिअर टाकल्यावर गाडी क्षणभर उशिरा उचलत असेल, गिअर बदलताना इंजिन मोकळं ओरडत असेल किंवा एकसारख्या वेगात खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर येत असेल, तर पुढचा ट्रेलर जोडायच्या आधी या. वेळेत आलात तर बऱ्याचदा तेल आणि फिल्टर बदलून भागतं. येण्याआधी तेल बदलू नका आणि वरून भरूही नका. चेंबरच्या चुंबकावर बारीक राखाडी लगदा आहे की धातूचे तुकडे, आणि तेलाचा रंग-वास कसा आहे, यावरूनच आम्हाला गिअरबॉक्स उघडावा लागेल की नाही ते सांगता येतं.