मराठी युद्धकादंबरीच्या आधी पोवाडा होता
तानाजी पडणार हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असते. तरी मावळे कोंढाण्याचा कडा चढू लागले की तो सावरून बसतो. मराठी ऐतिहासिक कादंबरीला वाचक मिळाला तो या श्रोत्यातूनच. अफझलखानाच्या वधावर (१६५९) अज्ञानदासाने पोवाडा रचला, सिंहगडच्या लढाईवर (१६७०) तुळशीदासाने. शाहीर लढाईचा शेवट लपवून ठेवत नाही. गडाची वाट कशी होती, सोबत कोण होते, ऐन वेळी कोण उभा राहिला, यावर तो रेंगाळतो.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. आठच वर्षांनी ब्रिटिश अधिकारी ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत आला आणि शिकलेल्या पिढीने आपल्याच लढाया जिंकणाऱ्याच्या लेखणीतून वाचल्या. मला वाटते, ही बोच फार खोल गेली. १८७१ मध्ये रा. भि. गुंजीकरांची ‘मोचनगड’ आली; मराठीतली पहिली ऐतिहासिक कादंबरी ती हीच. १८७८ हे वर्ष तर विलक्षण आहे. त्या साली सरकारने शस्त्रांचा कायदा करून सामान्य माणसाच्या हातातले हत्यार परवान्याखाली आणले आणि त्याच साली ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक निघून जुन्या बखरी छापल्या जाऊ लागल्या. कादंबरीकार हरिभाऊ आपट्यांचे ‘करमणूक’ साप्ताहिक १८९० मध्ये सुरू झाले तेव्हा वाचक तयारच होता. हरिभाऊंवर वॉल्टर स्कॉटची छाप होती, हे खरे. पण ‘गड आला पण सिंह गेला’मधला तानाजी पोवाड्यातून आणि बखरीतून आलेला आहे. बखरकार सभासदानेही लिहून ठेवले होते की एक गड घेतला, परंतु एक गड गेला.

पराभवाची ओढ मात्र विजयाहून जास्त टिकली. विजयनगरच्या पाडावावर हरिभाऊंनीच ‘वज्राघात’ लिहिली. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला, तो १७५० ते १७६१ या काळातल्या पत्रांचा, म्हणजे पानिपतापर्यंतचा. अब्दालीने दक्षिणेची वाट अडवल्यावर भाऊसाहेबांची छावणी अडीच महिने पानिपतावर अडकून पडली. रसद पोचवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले आणि दाण्यागोट्याचे हाल सुरू झाले. १४ जानेवारीची झुंज एका दिवसाची, तिच्या आधीची उपासमार कितीतरी आठवड्यांची. १९८८ मध्ये विश्वास पाटलांची ‘पानिपत’ आली आणि पुन्हा लाखो मराठी माणसे, शेवट पाठ असूनही, त्या छावणीत जाऊन राहिली.