सोव्हिएट चित्रपट आणि ज्यू नरसंहाराची स्मृती

नाझींनी मारलेल्या ज्यूंची प्रेते सोव्हिएट पडद्यावर अनेकदा दिसली, पण ती ज्यूंची आहेत हे सांगणे युद्धानंतर जवळजवळ बंद झाले. निर्मिती, वितरण आणि सेन्सॉर ही तिन्ही सूत्रे सरकारच्याच हाती असल्याने सगळीकडे एकच शब्दप्रयोग चाले : ‘शांतताप्रिय सोव्हिएट नागरिक’. सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गमावलेल्या देशाने आपल्या मृतांची वाटणी करू नये, असे त्याचे समर्थन केले जाई, आणि ते अगदीच पोकळ नव्हते. मात्र स्थानिक लोकांनी नाझींना केलेली मदत आणि खुद्द सत्तेच्या वर्तुळातला ज्यूद्वेष या दोन्ही गोष्टी त्या शब्दांआड झाकल्या गेल्या.

सुरुवात वेगळी होती. ‘प्रोफेसर माम्लॉक’ (१९३८) या चित्रपटात एका ज्यू शल्यविशारदाचा जर्मनीत होणारा छळ उघडपणे दाखवला होता. त्याच्या पांढऱ्या डगल्यावर ‘ज्यू’ असे लिहून त्याची धिंड काढली जाते. ऑगस्ट १९३९ मध्ये हिटलरशी अनाक्रमणाचा करार होताच हा चित्रपट चित्रगृहांतून उतरवण्यात आला आणि जून १९४१ मध्ये जर्मनीने हल्ला केल्यावर पुन्हा लावण्यात आला. मधल्या काळात वृत्तपत्रेही या छळाविषयी गप्प होती, त्यामुळे जर्मन फौजा दारात येईपर्यंत अनेक ज्यूंना पुढच्या संकटाची नीट कल्पनाच आली नाही.

कीव्हजवळच्या बाबी यार घळीत २९ व ३० सप्टेंबर १९४१ रोजी, जर्मनांच्याच नोंदीनुसार, ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घालण्यात आल्या. दिग्दर्शक मार्क दोन्स्कॉय यांनी ‘नेपकर्योन्निये’ म्हणजे ‘अपराजित’ (१९४५) या चित्रपटातील हत्याकांडाचे दृश्य त्याच घळीत चित्रित केले. मृत्यूकडे जाणाऱ्या डॉक्टर आरोन दाविदोविचची भूमिका यिडिश या पूर्व युरोपीय ज्यूंच्या भाषेतील रंगभूमीवरील नट वेन्यामिन झुस्किन यांनी केली होती. नाझींचा बळी पडद्यावर साकारणाऱ्या या नटाला १२ ऑगस्ट १९५२ रोजी सोव्हिएट सरकारनेच गोळ्या घालून ठार केले. १९७६ मध्ये बाबी यार येथे स्मारक उभे राहिले, तेव्हा त्याच्यावरील मजकुरातही ‘ज्यू’ हा शब्द नव्हता.

माहितीपटांच्या वाट्याला आलेले सामर्थ्य आणि बंधन एकाच मुळाचे होते : कॅमेरे सरकारचेच होते. आउशवित्झ छावणीचे पहिले चित्रण सोव्हिएट कॅमेऱ्यांनी केले, पण मे १९४५ च्या सरकारी आयोगाच्या अहवालात तिथले मृत देशवार मोजले गेले, ज्यू म्हणून नव्हे.

या चौकटीला सर्वांत थेट धक्का अलेक्सांद्र आस्कोल्दोव्ह यांच्या ‘कमिसार’ (१९६७) या चित्रपटाने दिला. कथानक १९१८ नंतरच्या रशियन यादवी युद्धातले आहे. लाल सेनेची गरोदर कमिसार, म्हणजे राजकीय अधिकारी, वाव्हिलोवा हिला मागाझानिक या गरीब ज्यू कारागिराच्या घरात ठेवले जाते. तोफांचा मारा सुरू असताना सगळे तळघरात दडतात, भेदरलेल्या मुलांना धीर देण्यासाठी बाप नाचू लागतो, आणि मधेच वाव्हिलोवाला भविष्य दिसते : नाझींनी ज्यूंना सक्तीने लावायला लावलेली चांदणी कपड्यांवर टाचलेली माणसे, त्यांत हेच कुटुंबही, मरणाकडे चाललेली. युद्धाच्या वीस-बावीस वर्षे आधीच्या कथेत हा संहार आणण्याचे धाडस अधिकाऱ्यांना झेपले नाही. त्याच वर्षी अरब-इस्रायल युद्धानंतर सोव्हिएट सरकारने इस्रायलशी संबंध तोडले होते. ते दृश्य काढून टाकण्याचा आग्रह झाला, तो दिग्दर्शकाने मानला नाही, आणि चित्रपट वीस वर्षे डब्यात राहिला. आस्कोल्दोव्ह यांची पक्षातून व स्टुडिओतून हकालपट्टी झाली. १९८७ मध्ये मॉस्को महोत्सवात चित्रपट अखेर दाखवला गेला आणि पुढच्या वर्षी बर्लिनला त्याला सिल्व्हर बेअर पारितोषिक मिळाले. दुसरा कथापट त्यांच्या हातून झाला नाही.