दुखते कोपर, राबते मनगट

सचिन तेंडुलकरला २००४ साली कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्याने सामन्यांना मुकावे लागले, तेव्हा ‘टेनिस एल्बो’ हा शब्द घरोघरी पोहोचला आणि हा खेळाडूंचा आजार आहे, हा समजही त्याच्याबरोबर रुजला. वस्तुतः ओल्या चादरी पिळणाऱ्या, दिवसभर पान्हा चालवणाऱ्या किंवा भिंती रंगवणाऱ्या ज्या माणसांना तो होतो, त्यांतील बहुतेकांनी आयुष्यात रॅकेट धरलेली नसते.

मूठ आवळणारे स्नायू हाताच्या आतल्या बाजूला असताना कोपर बाहेरून का दुखावे? उजव्या कोपराखालचा बाहेरचा भाग डाव्या हाताने धरून मूठ घट्ट आवळून पाहावी. तेथील स्नायू तत्काळ टणक लागतो. बोटे मिटवणाऱ्या कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे चिवट पट्टे) मनगटावरून पुढे जात असल्यामुळे त्या ओढल्या गेल्या की बोटांबरोबर मनगटही आत दुमडू पाहते, आणि दुमडलेल्या मनगटाने पकड घट्ट बसत नाही. म्हणून मनगट मागे खेचणारे स्नायू प्रत्येक पकडीच्या वेळी उलट ताण देऊन ते सावरून धरतात. हा ताण दंडाच्या हाडाच्या बाहेरील उंचवट्यावर येतो, विशेषतः ‘एक्स्टेन्सर कार्पी रेडियालिस ब्रेव्हिस’ असे लांबलचक नाव असलेल्या स्नायूच्या कंडरेवर.

या दुखण्याला सर्रास ‘सूज’ म्हटले जाते. परंतु अमेरिकेतील अस्थिशल्यविशारद रॉबर्ट निर्शल आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९७९ मध्ये दाखवले, की जुनाट दुखण्यातील कंडरेत दाहाच्या पेशी फारशा सापडत नाहीत; सापडतात ते कोलॅजन या प्रथिनाचे विस्कटलेले तंतू आणि त्यांत शिरलेल्या नव्या रक्तवाहिन्या. पहिल्या प्रकारच्या चिवट कोलॅजनची जागा तिसऱ्या प्रकारचे कच्चे कोलॅजन घेते, म्हणजे डागडुजी सुरू होऊनही अर्धवट राहते.

स्टिरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे उत्तम आराम पडतो, मात्र वर्षभरानंतर ते घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा वाईट असल्याचे चाचण्यांत आढळले आहे. तांब्याचे कडे आणि ‘नस चढली’ म्हणून करकचून चोळणे यांच्याबद्दल न बोललेलेच बरे. कंडरेला बेताचा, हळूहळू वाढवत नेलेला भार लागतो: हात टेबलावर पालथा ठेवून मनगट कडेबाहेर काढावे, पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली धरून ते दुसऱ्या हाताच्या आधाराने वर न्यावे आणि आधार सोडून सावकाश खाली आणावे. किंचित दुखले तरी चालते. दुखणे दुसऱ्या दिवशी वाढलेले असेल, तर भार कमी करावा. बहुतेकांना वर्षभरात बरे वाटते, शस्त्रक्रियेची पाळी थोड्यांवरच येते. बोटांना मुंग्या येत असतील, तर मात्र दोष मानेत किंवा एखाद्या मज्जातंतूत असू शकतो आणि तपासणी करून घ्यावी लागते.

कोपर बरे होईपर्यंत पिशवी उचलताना तळवा वरच्या बाजूला ठेवावा, म्हणजे ओझे त्या कंडरेवरून बरेचसे दंडाच्या पुढच्या स्नायूकडे जाते.